बेरीज कोणत्या दिशेने?

संगणकाचे नाव काढले की आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. माझ्याही पडत. परंतु अर्थशास्त्राच्या प्रकल्पाने मला जो धडा शिकविला, तो वाचकांपुढे ठेवतो.

अमडापूर, शेजारचे एक खेडे आणि एक लहान वाडी अशा तीन ठिकाणचा सोयाबीन, कापूस व तूर या पिकांचा पेरा मी दोन वर्षांसाठी एकरांत नोंदविला. वर्ष, गाव आणि पीक अशा या माहितीला तीन बाजू झाल्या. कागदावरच्या कोष्टकाला आडवी आणि उभी अशा दोनच बाजू असतात; तिसरीसाठी दुसरे पान घ्यावे लागते. संगणकात अशा मांडणीला 'ॲरे' म्हणतात. माझ्या ॲरेचा आकार २, ३, ३ : म्हणजे दोन पाने, प्रत्येक पानावर तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन घरे.

केनेथ आयव्हरसन या कॅनेडियन गणितज्ञाने अशा मांडणीसाठी एक चिन्हलिपी रचली. तिच्यावरचा ग्रंथ १९६२ साली निघाला व तिच्यातूनच 'एपीएल' ही संगणकभाषा झाली. १९७९ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. या भाषेत एकेक घर मोजत बसावे लागत नाही. अधिक चिन्हापुढे तिरपी रेघ दिली की शेवटच्या बाजूने सगळ्या बेरजा एकदम होतात. आज प्रचारात असलेल्या 'नमपाय'मध्ये हीच कल्पना आहे; मात्र तेथे बाजू शून्यापासून मोजतात. म्हणून एपीएलची तिसरी बाजू नमपायमध्ये २ क्रमांकाची ठरते.

येथेच मी फसलो. खऱ्या आकड्यांऐवजी १ ते ९ घेऊन पहिले पान पाहू :

वाडी : १ २ ३
खेडे : ४ ५ ६
अमडापूर : ७ ८ ९

पिकांची बाजू मिटविली, म्हणजे ओळी बेरजेत घेतल्या, की गावांच्या बेरजा येतात : ६, १५, २४. गावांची बाजू मिटविली की पिकांच्या येतात : १२, १५, १८. मला गावांच्या बेरजा हव्या होत्या, म्हणून मी गावांचीच बाजू सांगितली! वस्तुतः जी बाजू सांगावी ती नाहीशी होते. उरतात त्या बाकीच्या.

संगणकाने चूक दाखविली नाही, कारण तीन गावे आणि तीन पिके असल्याने उत्तराचा आकार दोन्हीकडे सारखाच. एकूण बेरीजही दोन्हीकडे ४५. मी निर्धास्तपणे तक्ता लिहून काढला.

रात्री वडिलांनी तो सहज हातात घेतला आणि म्हणाले, "बाबू, त्या वाडीत एवढं वावर हाये तरी कुठं?" ज्या वाडीचा पेरा अमडापूरच्या चौथाईएवढा, ती माझ्या तक्त्यात दोनतृतीयांशावर जाऊन बसली होती! दुसऱ्या दिवशी तो तक्ता प्राध्यापकांच्या हाती पडायचा होता. रात्रीतून तो पुन्हा लिहिला.

तेव्हापासून मी दोन नियम पाळतो. ॲरेच्या प्रत्येक बाजूचे नाव आधी वहीत लिहितो. मग चाचणीसाठी मुद्दाम असमान आकार घेतो, दोन वर्षे, तीन गावे, चार पिके. म्हणजे चुकीची बाजू मिटली तर उत्तराचा आकारच चुगली करतो.

यंत्र बेरीज चुकत नाही. कशाची बेरीज, हे मात्र ज्याला वावर ठाऊक आहे त्यानेच सांगायचे असते.