मूलद्रव्यांचा डाव

रॉबर्ट ॲबट यांनी १९५६ मध्ये ‘एल्युसिस’ हा पत्त्यांचा खेळ रचला. त्यात गुप्त नियम शोधायचा असतो. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षासाठी त्याचंच हे रूप, बदाम-किलवरऐवजी मूलद्रव्यं घेऊन.

जाड कागदाची सारखी पानं कापा आणि हायड्रोजन ते क्रिप्टॉन या ३६ मूलद्रव्यांचे दोन संच करा. पानावर फक्त नाव लिहा. अणुअंक, गण, संयुजा आठवूनच खेळायचं, म्हणून भिंतीवरची आवर्तसारणीही झाका आणि मोबाइल दूर ठेवा.

पाच जण बसा. त्यातला एक सूत्रधार. त्याने नियम चिठ्ठीवर लिहून घडी घालावी. पानं पिसून चौघांना दहा-दहा वाटा. नियमात बसणारं एक पान सूत्रधार मधे मांडेल, उरलेली गड्डी पालथी. पाळीपाळीने एकेक पान टाका. चाललं तर ओळीत पुढे. नाही तर शेवटच्या पानाखाली आडवं, आणि गड्डीतून दोन पानं दंड. नामंजूर पानं उचलू नका, त्यांच्यावरूनही नियम उलगडतो.

समजा, ओळ अशी झाली: सोडियम, क्लोरीन, पोटॅशियम, फ्लोरीन. सगळ्यांना वाटतं, धातूनंतर अधातू. मग जो तो तशीच पानं टाकत राहतो आणि अंदाज पक्का होत गेल्यासारखा वाटतो. इथे आपल्याच अंदाजाप्रमाणे नामंजूर व्हायला हवं असं पान मुद्दाम टाकायचं. फ्लोरीनवर फॉस्फरस टाका. चाललं, म्हणजे अंदाज कोसळला! चिठ्ठीत होतं ‘विषम अणुअंक’: ११, १७, १९, ९, १५. दंडाची भीती सोडून ही चाल करायला शिकणं मला या खेळात सगळ्यात मोलाचं वाटतं. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांच्या १९६० च्या, आकड्यांमागचा नियम ओळखण्याच्या प्रयोगात अनेकजण नेमके इथेच अडकले होते: आपला अंदाज खोटा ठरवू शकेल अशी चाल त्यांनी केलीच नाही.

नियम सापडला तर ओरडू नका, लिहून सूत्रधाराला दाखवा. बरोबर असेल तर डाव संपला. चूक असेल तर आणखी दोन पानं घ्या. धातुसदृश मूलद्रव्यं कुठल्या बाजूला धरायची ते मात्र आधीच ठरवा, नाहीतर भांडणं होतात.

या खेळाने एकूण स्मरणशक्ती वाढेल असा दावा नाही. हा विषय मात्र पक्का होतो. त्यासाठी डाव संपताच ओळ झाका, प्रत्येकाने कोऱ्या कागदावर आलेली मूलद्रव्यं अणुअंकांसह लिहावीत आणि मगच सारणी उघडून तपासावीत. चुकलेली पानं वेगळी काढा. आठवड्याने पुन्हा बसाल तेव्हा ती आधी वाटा.