१,४२,८५७ : एका संख्येचा पाठ

मोठी संख्या फळ्यावर लिहिली की मुले प्रथम तिची लांबी पाहतात आणि बिचकतात. संख्येच्या आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून हे भय वाटते. ते घालविण्यास १,४२,८५७ ही संख्या फार उपयोगी आहे.

तिला २ ने गुणिले असता २,८५,७१४ येतात, ३ ने ४,२८,५७१ आणि ६ ने ८,५७,१४२. अंक तेच, त्यांचा क्रमही तोच. आरंभ तेवढा बदलतो. पुष्कळदा पाठ येथेच संपतो व मुले जादूचा खेळ पाहिल्याप्रमाणे टाळ्या पिटतात. गणित मात्र अजून सुरूच झालेले नसते.

कारण शोधावयाचे तर १ ला ७ ने भागावयास द्यावे आणि प्रत्येक पायरीची बाकी समासात लिहावयास सांगावे. ३, २, ६, ४, ५ अशा बाक्या येत जातात व सहाव्या पायरीस पुन्हा १ उरतो. म्हणजे भागाकार आरंभाच्या जागी परततो. ७ ने भागताना शून्याखेरीज सहाच बाक्या संभवतात, आणि त्या सहाही येथे येऊन जातात. ३ ला ७ ने भागणारा मुलगा नवे काही करीत नाही; तो त्याच चक्रात एक पायरी पुढे शिरतो. म्हणून त्याचे अंक ४ पासून सुरू होतात. दहा लाखांना ७ ने भागून १ उरतो, हे ध्यानात आले म्हणजे या संख्येची सातपट ९,९९,९९९ का होते, तेही उलगडते.

ही संख्या विषम व संयुक्त असून तिचे मूळ अवयव ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७ आहेत. अंकांची बेरीज २७, म्हणून तिला ९ ने भाग जातो. एखादा चलाख विद्यार्थी लगेच म्हणेल, "बेरीज २७ आहे, म्हणून २७ नेही जातो." उत्तर बरोबर, कारण चूक. १,८९९ च्या अंकांची बेरीजही २७च आहे. पण तिला २७ ने भागल्यास ९ उरतात. अशा उत्तरास घाईने शाबासकी मिळाली, तर खोटा नियम मुलाच्या मनात कायमचा रुजतो. खरे कारण असे : हजारास २७ ने भागून १ उरतो, म्हणून तीन-तीन अंकांचे गट करून मिळवावे. १४२ + ८५७ = ९९९, आणि ९९९ म्हणजे २७ × ३७.

आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, अशा संख्येस दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी 'हर्षद' असे नाव दिले. प्रस्तुत संख्या हर्षद आहे. २७ ने भागून ५,२९१ येतात. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. उजवीकडील सहा अंक वेगळे करून २०४०८ व १२२४४९ यांची बेरीज केली, तर मूळ संख्याच परत मिळते. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. कापरेकर हे १९३० ते १९६२ पर्यंत नाशिकजवळील देवळाली येथे शाळाशिक्षक होते, हे वर्गात अवश्य सांगावे.

पुढील तासाला १ ला १३ ने भागावयास द्यावे. तेथे बाक्या बारा संभवतात, परंतु सहा येताच चक्र पुरे होते. उरलेल्या सहा कोठे गेल्या, ते २ ला १३ ने भागून पाहणाऱ्यास सापडेल.