‘हायडी’तील आंधळी आजी आणि गाळलेले शब्द

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने कादंबरीवर लेख लिहावा याचे माझ्या वर्गमित्रांना नवल वाटेल. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझ्या हातून एक चूक झाली. पुढे ग्रंथालयात सहज हाती लागलेल्या एका जुन्या पुस्तकात तीच चूक दुसऱ्या एका मुलाने केलेली वाचली. म्हणून हे धाडस करीत आहे.

पुस्तकाचे नाव ‘हायडी’. लेखिका जोहाना स्पायरी (१८२७–१९०१) ही स्वित्झर्लंडची. मूळ कादंबरी जर्मन भाषेत असून तिचे दोन भाग १८८० आणि १८८१ या वर्षी प्रसिद्ध झाले. मी इंग्रजी अनुवाद वाचला. लहान मुलांचे पुस्तक म्हणून पुष्कळजण ते बाजूला ठेवतात. परंतु पहिल्या भागाच्या मूळ नावाचा अर्थ ‘हायडीची शिकण्याची आणि भटकंतीची वर्षे’ असा आहे आणि त्यात गटेच्या ‘विल्हेल्म माइस्टर’ या कादंबऱ्यांच्या नावांचा उघड प्रतिध्वनी आहे. मूल घडत घडत जाणते कसे होते हे सांगणाऱ्या कादंबऱ्यांची जर्मन भाषेत मोठी परंपरा आहे, आणि आपले पुस्तक त्याच रांगेतले आहे असे लेखिकेने नावातच सुचविले आहे. मराठीत याच्या जवळचे पुस्तक म्हणजे साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ (१९३५). फरक इतकाच की श्यामला आई आहे. हायडी पोरकी आहे, त्यामुळे तिला घडविण्याचे काम आजोबांवर आणि शेजाऱ्यांवर येऊन पडते.

कथा थोडक्यात अशी. पाच वर्षांच्या हायडीला तिची मावशी डोंगरावर एकट्या राहणाऱ्या तुसड्या आजोबांकडे सोडून जाते. गाव त्या म्हाताऱ्याला भिऊन असते. डोंगराच्या उतारावर, गाव आणि आजोबांची झोपडी यांच्या मध्ये, शेळ्या राखणाऱ्या पीटरचे मोडके घर आहे. त्या घराच्या कोपऱ्यात चरख्यावर सूत कातीत बसलेली पीटरची आजी आंधळी आहे. आपल्या गल्लीच्या हिशेबाने इतक्या दूरच्या बाईला कोणी शेजारीण म्हणणार नाही. डोंगरात मात्र तेच शेजार.

आंधळ्या माणसाला आपण एकतर कीव देतो, नाहीतर एकदम देव्हाऱ्यात बसवितो. विदर्भातील गुलाबराव महाराजांना (१८८१–१९१५) लोक प्रज्ञाचक्षू म्हणत. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमातील पंचाक्षरी गवई आणि पुट्टराज गवई यांची नावे तर आमच्या कन्नड विभागाच्या वाचकांना सांगावयास नकोत. ही थोर माणसे. पण पीटरची आजी थोर नाही, तिला दिव्यदृष्टीही नाही. ती फक्त नीट ऐकते, आणि लेखिकेचे खरे कसब मला इथे दिसले.

हायडी पहिल्यांदा घरात येते तेव्हा आजी तिचा हात हाती घेऊन काही वेळ चाचपीत राहते. आजोबांनी स्वतः गुंडाळून, कडेला धरून आणले, हे मुलीच्या तोंडून ऐकताच ती विचारात पडते. गाव या म्हाताऱ्याविषयी बोलते ते सगळेच खरे नसावे, हे तिला एका लहान मुलीच्या बोलण्यावरून उमगते. डोळस गावाला ते पुढे कितीतरी दिवस उमगत नाही. खिडकीचे दार वाऱ्याने आपटते आहे हे हायडीला दिसते. आजीला ते रोज ऐकू येते, आणि सारे घरच कुरकुरते आहे, एखाद्या रात्री अंगावर कोसळेल, ही भीतीही तिने मनात बाळगलेली असते. हायडी आजोबांना सांगते, आणि ते हातोडा घेऊन येतात. आजीला बर्फाचा उजेडही दिसत नाही हे कळल्यावर हायडी धाय मोकलून रडते. हा प्रसंग वाचताना माझाही कंठ दाटला, हे कबूल करण्यास हरकत नाही.

पुढे हायडीला फ्रँकफुर्ट शहरात क्लारा नावाच्या आजारी मुलीच्या सोबतीला नेतात. आजीला काळी कडक भाकरी चावत नाही, म्हणून हायडी तिथे मऊ पांढरे पाव कपाटात साठवून ठेवते, तो भाग सर्वांच्या लक्षात राहतो. मला महत्त्वाचे वाटले ते दुसरेच. तिथे क्लाराची आजी तिला वाचावयास शिकविते. परत आल्यावर हायडी या आंधळ्या आजीला तिच्या जुन्या पुस्तकातली भजने वाचून दाखविते. एका आजीने अक्षरे दिली, दुसरीने ती कशासाठी हे दाखविले. दुसऱ्या भागाच्या नावाचा अर्थच मुळी ‘हायडीला शिकलेले उपयोगी पडते’ असा आहे. आमच्या भाषेत बोलायचे तर भांडवल फ्रँकफुर्टचे, उलाढाल डोंगरावरची.

आणि आता पीटर. वाचन त्याला शत्रूसारखे. हायडी त्याला हट्टाने शिकविते आणि तो आजीला भजने वाचून दाखवू लागतो. पण अवघड, लांब शब्द आला की सरळ वगळतो. इतके शब्द आहेत, चारदोन गेले तर आजीला काय कळणार, हा त्याचा हिशेब. त्यामुळे त्याच्या वाचनात नामे जवळजवळ उरतच नाहीत! त्याची आई खूश असते, मुलगा वाचतो म्हणून. आजी मात्र हायडीची वाट पाहते. तिला ती भजने ऐकून ठाऊक आहेत. पीटर वाचतो तेव्हा राहिलेले काय ते तिला मनात शोधत बसावे लागते.

हे पान वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले.

माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झाले. कन्नड मी बाजारात सफाईने बोलतो, पण कचेरीची कन्नड वाचताना अडखळतो. बिदर जिल्ह्यात, भालकी-औरादकडे, माझ्यासारखी मुले घरोघर सापडतील. आमच्या शेजारी एक आज्जी राहतात. मोतीबिंदूवर वेळेत इलाज झाला नाही, दोन्ही डोळे गेले. वृद्धाप्य वेतनावर, म्हणजे आमच्याकडच्या बोलीत ‘पगारा’वर, त्यांचे चालते. सुटीत पोस्टमनने त्यांच्या नावाचा एक कन्नड कागद आणून दिला आणि वाचायला अर्थातच कॉलेजात शिकणारा मी. हयातीचा दाखला अमुक तारखेपर्यंत आणून द्यावा, एवढे मी वाचले. शेवटचे वाक्य ‘तप्पिदल्लि’ या शब्दाने सुरू होत होते आणि त्यापुढे एक लांबलचक क्रियापद होते. मला अर्थ लागेना. कबूल करण्याची लाज वाटली. मी कागदाची घडी घातली.

आज्जी म्हणाल्या, “लेकरा, शेवटाला तुझा आवाज बारीक झाला. मधलं काय गिळलंस?”

मी म्हणालो, “काही नाही आज्जी, नुसता साहेबाचा हुद्दा आहे.”

“सगळं बरंच लिहिलेलं असतं तर कागद धाडला असता व्हय रं?”

मी तरीही वाचले नाही. चार दिवसांनी त्यांनीच तो कागद कन्नड माध्यमातल्या एका मुलीकडून वाचून घेतला. ‘तप्पिदल्लि’ म्हणजे तसे न केल्यास, आणि ते लांब क्रियापद म्हणजे वेतन रोखून धरण्यात येईल. मुदतीला दोनच दिवस उरले होते. मी त्यांना रिक्षाने तालुक्याला घेऊन गेलो, काम झाले. येताना त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “माझं माहेर कानडी. तुला कळलं नाही म्हणून काय झालं? तू नुसतं म्हणायचंस, मला कळलं असतं.”

पीटरच्या आजीची गोष्ट नेमकी हीच आहे. ऐकणाऱ्याला ठाऊक असलेला शब्द वाचणारा गाळतो, आणि गाळताना समजतो की समोरच्याला दिसत नाही. कादंबरीचे शेवटचे दृश्यही लेखिकेने याच आजीला दिले आहे. क्लारा पायांवर चालू लागते, सगळे आनंदीआनंद होते, तरी पुस्तक तिथे संपत नाही. आंधळी आजी हायडीला आभाराचे एक भजन वाचून दाखविण्यास सांगते, तिथे संपते.

आता आज्जींकडे कागद आला की मी शिक्क्यापासून सहीपर्यंत सारे मोठ्याने वाचतो. शब्द अडला की अक्षरे सुटी सुटी म्हणतो. परवा एका लग्नपत्रिकेत असेच अडलो, तेव्हा त्यांनीच शब्द पुरा केला आणि वर माझा उच्चारही सुधारला.