बदलाची नोंद कशी लिहावी?

'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन शब्द पाहा. पहिला 'दरी'चे अनेकवचन, तर दुसरा म्हणजे समुद्र! संगणकाने एकाऐवजी दुसरा दाखवला तर अर्थाचा अनर्थ होईल. म्हणूनच युनिकोड या संकेतपद्धतीत 'र' आणि 'ऱ' यांना वेगवेगळे क्रमांक दिले आहेत. 'ऱ', हलन्ताचे चिन्ह आणि 'य' ओळीने आले, की 'ऱ्य' उमटावे. रफार येऊ नये.

'लोहित देवनागरी' हा फाँट आणि अक्षरांची जुळणी करणारी 'हार्फबझ' ही आज्ञावली मुक्त आहेत. म्हणजे त्यांची मूळ संहिता कोणालाही वाचता व सुधारता येते. नवी मुंबईतला विद्यार्थी आणि युरोपातला अभियंता परस्परांना न भेटता तिच्यावर काम करू शकतात. सुधारणेसोबत प्रत्येकाने एक टिपण लिहायचे असते. त्याला 'कमिट मेसेज' म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केलेली 'गिट' ही प्रणाली बदल, कर्त्याचे नाव, वेळ आणि हे टिपण एकत्र जपते.

समजा, एका विद्यार्थिनीने वरीलसारखा दोष दूर केला आणि 'चूक सुधारली' एवढेच लिहिले. काय होईल? काही वर्षांनी दुसरा कोणी 'हा नियम निरुपयोगी दिसतो' म्हणून तो काढून टाकील, आणि दऱ्यांचा पुन्हा दर्या होईल! त्याऐवजी तिने असे लिहावे :

'ऱ'च्या जोडाक्षरासाठी वेगळा नियम लावा

'ऱ'ला 'र'चाच नियम लागत असल्याने 'दऱ्या' हा शब्द 'दर्या' असा दिसे. 'आचाऱ्यास' व 'आचार्यास' ही जोडीही तपासली.

पहिली ओळ सुमारे ५० अक्षरांची असावी, कारण यादीत अनेकदा फक्त तीच दिसते. मग एक ओळ कोरी सोडून कारण लिहावे. काय बदलले ते गिट स्वतःच दाखवते. का बदलले, ते मात्र माणसानेच सांगायला हवे. एका टिपणात एकच बदल असावा.

याचा उपयोग केव्हा होतो? १,००० बदलांपैकी कोणत्या बदलाने दोष शिरला, हे यादी दर वेळी निम्मी करत गेल्यास सुमारे १० चाचण्यांत कळते, कारण २ चा दहावा घात १,०२४ आहे. पण सापडलेल्या बदलाखाली 'चूक सुधारली' एवढेच असेल, तर शोध तेथेच अडतो.

तुमच्या प्रयोगवहीत खोडलेले एखादे वाचन शोधा. ते का खोडले, हे आज सांगता येते का?