स्वतंत्र अभिनेत्री : दुर्गा खोटे

पिंपरी, चिंचवड किंवा चाकणच्या एखाद्या मुलाला विचारा, "तुझे अब्बा कुठे जातात?" बहुधा उत्तर येईल, "कंपनीत." पाळी, पगार, कायम कामगार, कंत्राटी कामगार हे शब्द तुमच्याही कानांवर रोज पडत असतील. एके काळी चित्रपटातील नटनट्याही अशाच 'कंपनीत' जात, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

कोल्हापूरची 'प्रभात फिल्म कंपनी' ही तशी एक कंपनी. १९३३ साली ती पुण्याला आली. आज त्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट आहे. त्या काळी नट, गायक, सुतार, रंगारी असे बहुतेक सगळे मासिक पगारावर असत. एका कंपनीचा नट सहसा दुसरीकडे काम करीत नसे.

ही रीत मोडणाऱ्यांत दुर्गा खोटे यांचे नाव अगोदर घ्यावे लागते. त्यांचा जन्म १९०५ साली मुंबईत, एका सुखवस्तू घरात झाला. लग्नानंतर सासरची परिस्थिती बिघडली. पदरी दोन मुलगे होते. १९३१ साली 'फरेबी जाल' या चित्रपटात त्यांनी लहानसे काम केले. चित्रपट हलका ठरला आणि लोकांनी नावे ठेवली. चांगल्या घरच्या स्त्रीने पडद्यावर येणे तेव्हा कमीपणाचे मानत. दुसरी एखादी घरी बसली असती! पण व्ही. शांताराम यांनी त्यांना 'अयोध्येचा राजा' (१९३२) मध्ये तारामतीची भूमिका दिली. हा चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला.

नाव झाले. आता प्रभातमध्येच राहणे सोपे होते. परंतु दुर्गाबाई एका कंपनीच्या झाल्या नाहीत. कलकत्त्याला जाऊन त्यांनी 'राजरानी मीरा' (१९३३) आणि 'सीता' (१९३४) हे चित्रपट केले. १९३६ साली त्या पुन्हा प्रभातच्या 'अमरज्योती'त दिसल्या, त्याही समुद्री चाच्यांच्या नायिका म्हणून! विचार करा, चित्रपट संपला की काम संपले. पुढच्या महिन्याची खात्री नाही. मात्र कोणाकडे आणि कोणती भूमिका करायची, हे त्या स्वतः ठरवू शकत. दोन मुलांच्या आईने हा धोका पत्करला, याचे मला अजून नवल वाटते.

त्या रंगभूमीवरही रमल्या. शेक्सपियरच्या 'मॅकबेथ'वरून वि. वा. शिरवाडकरांनी लिहिलेल्या 'राजमुकुट' नाटकात त्यांनी काम केले. नाटकात चूक झाली तर दृश्य पुन्हा घेता येत नाही.

तुम्ही 'मुघल-ए-आझम' (१९६०) पाहिला असेल. त्यातील जोधाबाई म्हणजे दुर्गाबाईच. अकबर झालेले पृथ्वीराज कपूर 'सीता'मध्ये त्यांच्यासमोर राम होते! उर्दू ही दुर्गाबाईंच्या घरची भाषा नव्हती. तरी ते भारदस्त संवाद त्यांनी कसे पेलले, ते मुद्दाम ऐका. तुम्ही मराठी शिकत आहात, म्हणून हे सांगितले.

१९८३ साली त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. १९९१ साली त्यांचे निधन झाले.

आज बहुतेक नटनट्या स्वतंत्रपणेच काम करतात. नाटकात प्रत्येक प्रयोगाचे पैसे वेगळे मिळतात. त्याला नाटकवाले 'नाइट' म्हणतात. पिंपरीच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात किंवा चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात नाटक पाहायला गेलात, तर प्रयोगानंतर थोडे थांबा. एखादी अभिनेत्री भेटली तर तिला विचारा, "ताई, उद्या प्रयोग कुठे आहे? आणि परवा?"