वापरलेली एस्कलेड घ्यावी का?

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये राहतो. २०२२ ची कॅडिलॅक एस्कलेड बघून ठेवली आहे. मालकांचे अभिप्राय मात्र दोन टोकांचे. कोणाचं खरं मानायचं?

उत्तर : दोघांचंही. कौतुक बहुतेक नव्या नवलाईचं असतं. ऐसपैस तिसरी रांग आणि डॅशबोर्डवरचा ३८ इंची वक्र स्क्रीन यांची भुरळ पडतेच. तक्रारी पुढे सुरू होतात, आणि त्यांतली एक गंभीर आहे. एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने २०२१ ते २०२४ च्या ६.२ लिटर व्ही-८ इंजिनाच्या सुमारे ६ लाख गाड्या परत बोलावल्या. क्रँकशाफ्ट वा कनेक्टिंग रॉडमधल्या दोषामुळे इंजिन चालत्या गाडीत बंद पडू शकतं. त्यात एस्कलेडही आहे. तेव्हा सौद्याआधी गाडीचा व्हिन (ओळख) क्रमांक एनएचटीएसए या अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर तपासा. परत बोलावल्यावर दुरुस्तीत इंजिन बदललं की फक्त जाड ऑइल भरलं, याचा कागद विक्रेत्याकडून मागून घ्या; तो टाळाटाळ करू लागला तर सरळ उठा. पेट्रोल प्रीमियम भरलेलं बरं, फोर-व्हील ड्राइव्हला गॅलनमागे जेमतेम १६ मैल. आणि हो, लांबी जवळपास ५.४ मीटर, गॅरेज आधी मोजा! आईवडील येणार असतील तर आईला साडीत गाडीत चढता येतं का, तेही पाहा.