आमच्या विहिरीतील भूगोल

खडकांचे तीन प्रकार आहेत : अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित. परीक्षेपुरते ते मी पाठ केले होते. परंतु गेल्या उन्हाळ्यात गाळ काढण्यासाठी आमच्या विहिरीत उतरलो, आणि पुस्तकातील पहिला प्रकार चारी बाजूंनी माझ्याभोवती उभा असलेला दिसला. या पंचेचाळीस फूट खोल विहिरीच्या आधाराने आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या भूमीची ओळख करून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

आपला जिल्हा बालाघाटच्या पठारावर वसलेला आहे. हे पठार म्हणजे दख्खनच्या पठाराचाच एक भाग होय. सुमारे सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तप्त लाव्हारस बाहेर आला, दूरवर पसरला आणि थिजला. एकदा नव्हे, तर अनेकदा. एका थरावर दुसरा थर, दुसऱ्यावर तिसरा. असे सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्र आजही या खडकाखाली आहे. या खडकास बेसाल्ट म्हणतात. डोंगरांच्या उतारावर हे थर पायऱ्यांसारखे दिसतात. म्हणून पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून त्यास 'ट्रॅप' असे नाव पडले.

आता विहिरीकडे वळू. अगदी वर काळी माती आहे. तिच्याखाली चुनखडीचे खडे मिसळलेली पिवळसर माती, मग मुरूम, मग भेगाळलेला काळा दगड. त्याच्याखाली वीतभर जाडीचा तांबडा गेरूचा पट्टा लागतो. हा पट्टा फार बोलका आहे. एक लाव्हा थिजल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये मोठा काळ गेला. त्या काळात ऊन-पावसाने खालच्या थराचा माथा कुजून तांबडा झाला, असा त्याचा अर्थ. गेरूखाली आमच्याकडे ज्यास 'मांजऱ्या' म्हणतात तो सच्छिद्र खडक आहे. लाव्हारस थिजताना त्यातील वायूचे बुडबुडे अडकून राहिले, त्यांची ही छिद्रे. पुढे पाण्यातील क्षार साचून पुष्कळशी छिद्रे भरली. शेतात लहानपणी आम्ही वेचत असू त्या पांढऱ्या गारगोट्या त्याच. आणि तळाशी आहे काळा, अभंग पाषाण. त्यावर पहार मारली की ठिणगी उडते.

आपली काळी माती याच खडकाची लेक आहे. दिवसाचे ऊन, रात्रीचा गारवा, झाडांची मुळे आणि पावसाचे पाणी यांनी खडक झिजतो. त्याचा आधी मुरूम होतो आणि शेकडो वर्षांनी माती होते. या मातीत मोंटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. ती पाणी पिऊन फुगते व वाळली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते आणि जमीन जणू स्वतःच स्वतःला नांगरते. ओल धरून ठेवते म्हणूनच या मातीत पावसाळा सरल्यावरही ज्वारी व हरभरा येतो. मात्र ही माती सर्वत्र सारखी नाही. तेरणेच्या काठी ती खोल आहे, तर माळावर वीतभर मातीखाली लगेच मुरूम लागतो. तेथील माती वाहून गेली तर ती आपल्या हयातीत परत येणार नाही.

पाण्याचा प्रश्न तर याहूनही जवळचा. अभंग पाषाणात पाणी राहावयास जागाच नसते. ते राहते मुरुमात, भेगांत आणि मांजऱ्याच्या न भरलेल्या छिद्रांत. आमच्या घरी नारळ हातावर धरणाऱ्या पाणाड्याच्या शब्दावर ४०० फूट बोअर घेतले गेले. कोरडी भुकटी तेवढी वर आली. कर्ज मात्र राहिले. किल्लारी येथे भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा बेसाल्टची जाडी सुमारे ३३८ मीटर भरली, असे मी यंदा वाचले. आमचे ४०० फूट म्हणजे १२२ मीटर. खाली आणखी खडकच होता!

त्याच किल्लारीच्या खडकाची दुसरी आठवण आमच्या आजीकडे आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील सुमारे दहा हजार माणसे गेली. आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूरसारखी गावे क्षणात ढिगारा झाली. भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि तेथे इतकी माणसे मरतातच असे नाही. आपल्याकडे मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती होत्या, भिंतीची दोन्ही तोंडे जोडणारे लांब दगड त्यांत नव्हते, आणि वर माळवदाच्या मातीचे ओझे होते. आजी म्हणते, "दगडानं खाल्लं आमाला." मी तिला समजावतो की दगडाचा दोष नाही, बांधणीचा आहे. ती ऐकून घेते. परंतु नव्या गावातही ती भिंतीपासून दूर, अंगणातच बाज टाकते. तिच्या या भीतीला माझ्या पुस्तकात उत्तर नाही.

यंदा दुसऱ्या बोअरचा विचार घरात निघाला, तेव्हा मी वडिलांना विहिरीच्या काठावर नेऊन थर दाखविले. ते हसून म्हणाले, "पाणी मांजऱ्यात ऱ्हातंय, हे आमच्या बापालाबी ठावं हुतं. पर वरून आलं तर ऱ्हाईल की!" मुद्दा त्यांनीच सांगितला. खालच्या छिद्रांत पाणी भरावयाचे तर ते वर अडले पाहिजे. नव्या बोअरच्या पैशांतून थोडे काढून आम्ही गाळ काढला आणि उताराला दगडी बांध घातला. बाकीचे कर्जात भरले. यंदा विहिरीला पाणी किती टिकते, ते फेब्रुवारीत कळेल.

मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या गावी अशी एखादी विहीर असेलच. सुटीत गेल्यावर एकदा तिच्यात डोकावून थर मोजून पाहावेत, एवढीच विनंती.